भिंतीच्या पायाशी दोन बोटं

मित्रांनो, जरा हळू बोला. मोठा आवाज झाला की अजून माझ्या उरात धडधडतं. मी फळ्यावर रेषा आखायचा एक जुना गुण्या आहे, सागवानी, तीन कोपऱ्यांचा. एक कोपरा काटकोनाचा, म्हणजे बरोबर नव्वद अंशांचा. बाकीचे दोन लघुकोन, नव्वदाहून लहान. त्यातला एक आता तुटलाय. तो कसा तुटला तेच सांगतो.

चौक गावाजवळच्या एका खेड्यात भिवाजी सुतारांनी दाराच्या उरलेल्या फळीतून मला घडवलं आणि आपणहून शाळेला देऊन टाकलं. तेव्हा काय तोरा होता माझा! लंब काढायचा, मला बोलवा. समांतर रेषा आखायच्या, मला बोलवा. गणित शिकवणाऱ्या छायाबाई म्हणायच्या, "गुण्या दाखवेल तो काटकोन." मग एकदा मी टेबलावरून पडलो. सांधा निखळला, कुणीतरी त्यात एक स्क्रू पिळला आणि मला कपाटामागे सारलं. तेव्हापासून एकच धास्ती होती, मी अजून खरा आहे का, माझा काटकोन नव्वदाचाच राहिलाय का? खरं सांगतो, कुणी विचारलं नाही तेच बरं वाटायचं.

यंदा श्रावणात छायाबाईंनी सहावीच्या मुलांना शाळेतले काटकोन शोधायला सांगितलं. भिवाजींची नात समिधा हिने मला धुळीतून काढलं. दाराची चौकट, खिडकी, पायरी, सगळीकडे मी चपखल बसलो. हायसं वाटलं हो! मग ती मला मागच्या कुंपणभिंतीशी घेऊन गेली. तिथे फरशीचा ओटा आहे. दुपारची खिचडीची पंगत त्याच ओट्यावर बसते. भिंतीपलीकडे कुणाच्या तरी बंगल्यासाठी पुरुषभर उंच मातीचा भराव टाकलेला, पावसाचं पाणी पिऊन फुगलेला.

समिधाने मला ओट्यावर उभं केलं. माझं वरचं टोक भिंतीला टेकलं, पण पायाशी फट राहिली. तिने बोट घालून पाहिलं. एक बोट बसलं.

"बाई, हितं काटकोन नाय. भिंत आपल्याकडं झुकलीय. लघुकोन हाय ह्यो."

मुख्याध्यापक योगेंद्र सर हसले. "अगं, भिंत नाही, तुझा गुण्या वाकडा आहे. पडलेला आहे तो." सर म्हणतात ते खरं असलं तर? सोमवारची ही गोष्ट.

शुक्रवारी पंगत बसली होती. समिधाने मला पुन्हा तिथेच लावलं. आता फटीत दोन बोटं गेली. ती ताट टाकून सरांकडे धावली. "सर, सोमवारी एक बोट, आज दोन! गुण्या काय रोज रोज वाकतो व्हय?"

सर उठून ओट्याशी आले. तेवढ्यात नातीची विसरलेली छत्री घेऊन भिवाजी आले. सर म्हणाले, "भिवाजीकाका, तुमचा गुण्या खरा की खोटा, तुम्हीच सांगा."

"म्या कशाला सांगू? त्योच सांगल. खडू आन गं पोरी."

भिवाजींनी फरशीवर एक सरळ रेषा आखली. तिच्यावर मला ठेवून एक लंब काढला. मग मला उलटं केलं, त्याच बिंदूशी टेकवलं आणि दुसऱ्यांदा खडू ओढू लागले. मित्रांनो, जीव टांगणीला लागला होता. दोन रेषा फाकल्या तर मी खोटा, इतकी वर्षं पोरांना फसवलं. आणि एकच रेषा आली तर भिंत पडायला आलेली, आणि पोरं तिच्या पायाशी जेवतायत! मी देवाला म्हटलं, मी खोटा निघू दे.

एकच रेषा आली. दुसरी तिच्यावर तंतोतंत बसली.

भिवाजींनी खडू टाकला. "गुण्या खरा हाय, सर. उठवा पोरांना!"

"उठा! ताटं तिथेच टाका! पळा!" सरांना एवढ्या मोठ्याने ओरडताना मी कधी ऐकलं नव्हतं. सगळी मुलं मैदानापलीकडे गेली. घाईत मला कुणी उचललं नाही. मी ताटांमध्ये एकटाच भिंतीकडे बघत पडलो होतो. आधी थोडी माती गळली. मग एक वीट. मी भयंकर घाबरलो होतो, लाज कसली सांगायला. मग सगळी भिंत अंगावर आली.

विटा उपसल्या तेव्हा मी सापडलो, एक लघुकोन मोडलेला. माझ्या आजूबाजूला एकोणचाळीस ताटं निघाली, सगळी चेपलेली. समिधाने ती पाहिली आणि आजोबांना घट्ट मिठी मारून रडली. सरांनी मला स्वतः पुसलं.

आता मी फळ्याशेजारी खिळ्याला टांगलेला असतो. त्रिकोण म्हणून कामाचा नाही, पण काटकोन शाबूत आहे. मित्रांनो, जुनी वस्तू नको ते सांगू लागली तर तिला वाकडी म्हणून फेकू नका. तिच्यावर आंधळा विश्वासही ठेवू नका, माझ्यावरसुद्धा नाही. एकदा उलटून बघा. खडूची एक रेघ काढायला कितीसा वेळ लागतो? आणि जेवायला बसण्याआधी बघा.