जोरात धावलं की साखर वाढते

देवव्रत कर्णिकांनी साठीनंतर धावायला सुरुवात केली ती डॉक्टरांच्या धाकाने. चालू ठेवलं ते जिलबीसाठी.

इन्सुलिन चालू होतं, म्हणून दंडावर नाण्याएवढा सेन्सर लावलेला. तो रक्तातली साखर त्यांच्या फोनवर दाखवायचा आणि लेकीने, गंधालीने, सोय करून दिल्यामुळे तोच आकडा बायकोच्या, कुंदाच्या फोनवरही उमटायचा. धावताना साखर उतरू लागली की कुंदा लगेच फोन करून खिशातली ग्लुकोजची गोळी खायला लावायची.

रविवारी मात्र आकडा चढायचा. घाटकोपर पूर्वेच्या बागेभोवती फेऱ्या झाल्या, की देवव्रत आणि शेजारचे भाऊ फाफडा-जिलबीच्या दुकानात शिरायचे. कुंदाने विचारलं तेव्हा देवव्रतनी तोंड गंभीर करून सांगितलं, की जोरात धावलं की यकृत आपणहून साखर सोडतं. असं कधीकधी होतं, हे डॉक्टरही म्हणाले होते. त्यामुळे थाप खपून गेली.

मग एका रविवारी भाऊंचा गुडघा धरला. मित्राला एकटं कसं सोडायचं, म्हणून दोघे धावायचं सोडून थेट दुकानातच जाऊन बसले. दुसरी प्लेट संपत आली तेव्हा फोन वाजला.

"दोनशे चाळीस दाखवतंय," कुंदा म्हणाली. "कुठे आहात?"

"धावतोय," देवव्रत धापा टाकत म्हणाले. साथ म्हणून भाऊंनी बसल्या जागी पाय आपटायला घेतले, दुखऱ्या गुडघ्यासकट.

"बरं. मग जरा मागे वळून बघा."

कुंदा काउंटरपाशी उभी होती. देवव्रतना आधी घाम फुटला. मग तिच्या हातातल्या कागदाकडे लक्ष गेलं. त्यात अर्धी जिलबी होती. रविवारी ती योगाच्या वर्गाला म्हणून निघायची, आणि नवरा बागेत धावत असतो त्या वेळात बिनधास्त इथे यायची.

"योगा लवकर सुटला?" त्यांनी विचारलं.

"माझ्या दंडावर सेन्सर नाही," कुंदा म्हणाली. "धावतोय म्हणालात ना? चला मग."

तिने त्यांना उठवलं आणि चपलांनिशी स्वतःही निघाली. जाताना उरलेली प्लेट भाऊंपुढे सरकवली. त्यांनी मान खाली घालून ती संपवली.

बागेभोवती दोघे हळूहळू धावू लागले. साखर चढतेय की उतरतेय ते दाखवणारा फोनवरचा बाण आधी आडवा झाला, मग खाली वळला. कुंदा धापांमधून आकडे वाचत होती. दुसऱ्या फेरीत ती कठड्यावर टेकली आणि म्हणाली, की तुमची साखर फार झपाट्याने उतरतेय, थांबायला हवं. फोन देवव्रतच्याही हातात होता. आकडा एकशे ऐंशीवर होता, घाबरण्यासारखं काही नव्हतं. तरी ते शेजारी बसले आणि त्यांनी तिला पाण्याची बाटली दिली.

"पुढच्या रविवारी बूट घालून ये," थोड्या वेळाने ते म्हणाले.

"येते," कुंदा म्हणाली. "पण एकच प्लेट. तिघांत."