भिंतीवरचा गुलाबी पेला

“मोठ्या बाई, तुम्ही आमचं गुलाबी दूध कधीच का पीत नाही?”

विचारलं मी, पण प्रश्न माझा नव्हता. भोंगा आणि झिपरी या माझ्या दोन जिवलग मैत्रिणींनी पैज लावली होती की मुख्याध्यापिका दुधाच्या सुट्टीत व्हरांड्यातून जातील तेव्हा त्यांना हे सगळ्यांदेखत विचारायचं. “तुझी काय टाप आहे!” असं भोंगा म्हणाली, आणि मला कुणी असं म्हटलं की संपलंच! मागच्या वर्षापर्यंत मी हजेरीसुद्धा तोंडातल्या तोंडात द्यायचे. यंदा मी दूधप्रमुख आहे. खांद्यावरून लाल पट्टा घालते आणि अख्खी प्राथमिक शाळा मला ताई म्हणते.

आमच्याकडे कॅनमधून साधंच दूध येतं. शेजारी गुलाबी सिरपची मोठी बरणी असते, तिच्यावर पंप. दूध ओतायचं, पंप दाबायचा, ढवळायचं आणि पेला पुढच्याच्या हातात द्यायचा, हे माझं काम.

मोठ्या बाई हसल्या. “मला डॉक्टरांनी साखर बंद केलीय गं.”

पैज मी जिंकले होते. पण तोंड एकदा सुटलं ते सुटलंच.

“मग आम्हाला चालते का?”

झिपरीनं डोळे मिटून घेतले. बाई म्हणाल्या, “केबिनमध्ये ये.”

केबिनमध्ये त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर सोपं गेलं असतं. “बोल, काय म्हणणं आहे तुझं?”

“बाई, माझी बहीण पहिलीत आहे. घरी पांढरं दूध दिलं की म्हणते, हे दूध आजारी आहे. डबा अर्धा परत आणते. दोन दाढा किडल्यात तिच्या.”

“आणि आपण साधं दूध देत होतो तेव्हा ते कुठे जायचं, माहितीये? व्हरांड्यातल्या कुंड्यांत. झाडं धष्टपुष्ट झाली, पोरं नाही झाली.” बाईंनी चष्मा काढून ठेवला. “काही मुलं सकाळी पोटात काही नसताना येतात. गोड म्हणून का होईना, चार घोट जातात. आणि पेल्याला दोनदाच तर दाबायचाय पंप. तेवढ्यानं कुणाचं काय बिघडतंय?”

“बरं बाई,” म्हणून मी केबिनमधून सटकले. दोनदा? आम्ही पाचदा दाबतो!

मुद्दाम नाही हो. दुधाच्या टेबलामागे भिंतीवर माणसाएवढा पेला रंगवलेला आहे, गडद गुलाबी, बघताक्षणी तहान लागावी असा. पोरं आपला पेला त्याच्याशी ताडून बघतात. “ताई, त्याच्यासारखं नाही झालं!” म्हणतात, की आपण दाबतो अजून एकदा. मला आधीच्या प्रमुखताईनं शिकवलं तेही असंच, भिंतीसारखा रंग आला की थांबायचं. तिलाही तिच्या आधीच्यानं तसंच शिकवलं असणार.

आणि तो पेला माझ्या बाबांनी रंगवलाय. ते पाट्या आणि भिंती रंगवतात. खाली कोपऱ्यात त्यांची सही आहे, ती मी दिसेल त्याला दाखवत असते.

दुसऱ्या दिवशी मी प्रत्येक पेल्यात दोनदाच दाबलं. दूध जेमतेम लाजल्यासारखं गुलाबी झालं. आणि जो काही दंगा झाला!

“ताई, पाणी घातलं!”

“ताई, भिंतीकडे बघ ना!”

“प्रमुखबाई, दाबा की अजून, तुमच्या घरचं जातंय का?” हे भोंगा. मैत्रीण म्हणे!

निम्मे पेले टेबलावर तसेच परत आले. माझी बहीण मात्र ओठ मुरडत प्यायली आणि म्हणाली, “हे थोडंसंच आजारी आहे.” पण पेला संपवला तिनं! आणि डबाही खाल्ला!

मोठ्या बाईंनी उरलेल्या दुधाची बादली बघितली. मी पाच दाबांचं सगळं सांगून टाकलं. त्यांनी एकदा भिंतीकडे बघितलं. मग म्हणाल्या, “बघू हळूहळू. पण इतकं दूध वाया जाऊन चालणार नाही. उद्या पहिल्यासारखं कर. जमत नसेल तर पट्टा काढून ठेव, झिपरी करेल.”

घरी आल्यावर मी दप्तर न काढताच सगळं ओकले.

आई म्हणाली, “अगं, पट्टा मिळाला तेव्हा घरभर नाचत होतीस. कशाला हातानं घालवतेस? बाकीच्यांनी दाबलं तसं दाब नि मोकळी हो.”

“आणि हिच्या दाढा?”

आईनं बहिणीकडे पाहिलं. बहीण तोंड घट्ट मिटून बसली.

बाबा ब्रश धूत होते. “आधी मी खरा रंग दिला होता,” ते म्हणाले. “अगदी फिकट. लांबून पेला रिकामाच दिसायचा. मग मारला त्यात थोडा लाल. चित्राला शोभतो म्हणून गं. त्याच्याशी ताडून कुणी दूध बनवेल, हे माझ्या डोक्यातही नाही आलं.” मग ब्रश झटकत ते म्हणाले, “माझं सगळ्यात चांगलं काम आहे ते.”

“माहितीये बाबा.”

माझा आवाज जरा कापला. पण गेला नाही. मागच्या वर्षी गेला असता.

“तर ऐका दोघंही,” मी म्हणाले. “पट्टा मी काढून ठेवणार नाही. काढायचा असेल तर बाईंनी सगळ्यांसमोर स्वतःच्या हातानं काढावा. पट्टा माझ्याकडे असेपर्यंत दोनदाच दाबणार, आणि पोरांना सवय झाली की एकदाच. आणि बाबा, उद्या शाळा भरायच्या आधी तुमचा पांढऱ्याचा डबा आणि मोठा ब्रश मी नेणार आहे. तो पेला मी पांढरा करणार. बाईंना विचारून नाही, सांगून. तुम्ही आलात तर कडा नीट येतील. नाही आलात तर माझ्या हातून वाकड्या येतील, पण येतील. खालची तुमची सही तेवढी मी तशीच ठेवणार आहे.”