दीड आटा

आबांना नाकावर माशी बसलेली खपत नसे, मग फळ्या घासायच्या त्यांच्या सँडर मशीनवर दुसऱ्याचा हात कुठून खपणार? आणि सूनबाईनं काल संध्याकाळी नेमका तिथंच हात घातला होता.

कारण साधं होतं. मशीनमधून निघणाऱ्या प्रत्येक फळीच्या टोकाला, बोट फिरवलं की कळेल असा खळगा पडत होता. घासणाऱ्या ड्रमच्या पुढे एक आणि मागे एक असे दोन रोलर असतात. ते फळीला सरकत्या पट्ट्यावर दाबून धरतात. दाब जास्त झाला की टोकं खचतात. तिनं आबांना सांगून पाहिलं, तर म्हणाले, "लाकूडच वाईट आहे." चाळीस वर्षं फळ्या घासलेल्या सासऱ्याला तोंडावर चुकलात कोण म्हणणार? ते घरी गेल्यावर तिनं पाना घेतला आणि रोलरचे चारही स्क्रू दीड-दीड आटा सैल केले. सकाळी सांगू, असं ठरवलं.

सकाळी बघते तर आबा तिच्या आधीच कारखान्यात हजर.

"काय गं, झोप झाली नाही वाटतं?"

"झाली की," ती म्हणाली. चोराच्या मनात चांदणं! सांगितलं तर मशीन हातचं जाणार, याची तिला खात्री होती. दोन वर्षं निमूट भुसा उपसला, तेव्हा कुठं तिला मशीनला हात लावायला मिळालं होतं. आधी फळी नीट निघू दे, मग सांगू, म्हणून तिनं पुन्हा तोंड मिटलं.

आबांनी मशीन सुरू करून फळी आत सरकवली. त्यांची एक वाईट खोड होती. फळीच्या मागे वाकायचं, एक डोळा मिटायचा आणि गाल जवळजवळ लाकडाला टेकवून ती सरळ जातेय का ते बघायचं. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर त्यांनीच त्याला कान धरून बाहेर काढलं असतं. ड्रम फळीच्या उलट फिरतो. रोलरनं फळी धरली नाही, तर ड्रम ती आली तशी मागे भिरकावतो.

सूनबाईचं लक्ष पट्ट्याकडे गेलं. पट्टा सरकत होता. फळी सरकत नव्हती.

दीड आट्यानं असं व्हायला नको होतं. फळी जागच्या जागी थरथरत होती, करपल्याचा वास सुटला होता आणि आबा आणखी खाली वाकले.

"आबा!"

मशीनच्या आवाजात तिची हाक तिलाच ऐकू आली नाही. लाल बटण पलीकडच्या बाजूला, मध्ये फळ्यांची चळत. ती चळतीवरून कशी गेली, नडगी कुठं फुटली, तिला काही कळलं नाही. तिनं बटणावर मूठ आपटली आणि दुसऱ्या हातानं सासऱ्याची कॉलर धरून त्यांना बाजूला खेचलं.

"खुळी झालीस का?" आबा कडाडले. "मध्येच बंद केलंस! बघ, चर पडला. चांगली फळी वाया गेली!"

"मी रोलर सैल केले होते." तिला रडू फुटलं. "काल. तुम्हाला न विचारता. मला हाकलायचं तर हाकला, पण तिथं वाकू नका."

आता काही आपली धडगत नाही, म्हणून ती मान खाली घालून उभी राहिली. आबांचा आवाज मात्र एकदम उतरला.

"किती?"

"दीड आटा."

त्यांनी एका बोटानं रोलर उचलून पाहिला. डब्याचं झाकण उचलावं तसा तो वर आला. त्याला खाली दाबणारं काही उरलंच नव्हतं. आबा मागं सरकले आणि चळतीवर मटकन बसले.

"मीही दोन आटे सैल केले," ते म्हणाले. "आज सकाळी. तुझी चप्पल वाजली, म्हणून दाबून बघायलाही थांबलो नाही. लाकूड चांगलंच होतं गं. तुझ्यासमोर कबूल कसं करायचं?"

त्यांचा तळवा गालावरून फिरत होता, पुन्हा पुन्हा. मग त्यांनी खिशातला पाना काढून तिच्यापुढे धरला.

"माझे दोन आवळ. तुझा दीड राहू दे. आणि मोठ्यानं मोज."

तिनं पाना स्क्रूला लावून फिरवला. "एक," ती म्हणाली.

"आणखी मोठ्यानं," आबा म्हणाले.