पंख्याआडचे शब्द

जपानमधल्या नागानोत, तळ्याकाठच्या त्या ऐकण्याची यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यात एक शिरस्ता होता : यंत्र लावलेल्या माणसाच्या कानाकडे बघायचं नाही. बहिरेपण लपवायचं म्हणूनच तर ती यंत्रं दर दोन-चार वर्षांनी लहान व्हायची. तिथला कारागीर एइसाकु कुवाबारा याच्या बायकोचं, मित्सुएचं, पहिलं यंत्र म्हणजे छातीवर लटकवायची चांगली जाडजूड पेटी होती. पोरं मागून "ए रेडिओबाई!" म्हणून ओरडायची आणि नेमकं तेवढंच तिला स्वच्छ ऐकू यायचं. पुढे काड्यापेटीएवढं आलं, मग कानामागे लपणारं, आणि भिंगाला डोळा लावून लावून एइसाकुने यंदा तांदळाएवढं केलं. कानात गेलं की संपलं, दिसायचं नाव नाही.

"काय कुवाबारासान, पुढच्या वर्षी वहिनींच्या कानात नुसती फुंकर मारणार की काय?" टोफूवाला ओगिनो दारातून म्हणाला, तशी मित्सुए खळखळून हसली. कित्येक वर्षांनी तिला असं हसताना बघून एइसाकुला भरून आलं.

रविवारी दुपारी तो घरीच तिची चाचणी घ्यायचा. ती पाठमोरी बसायची. समोरच्या काचेत ओठ वाचता येऊ नयेत म्हणून तो तोंडापुढे कागदी पंखा धरायचा आणि आवाज उतरवत एकेक शब्द म्हणायचा. तिने ऐकलेला शब्द म्हणून दाखवायचा, बस्स. त्या रविवारी तिने वीसपैकी वीस शब्द सांगितले. शेवटचे दोन तर त्याचे त्यालाही धड ऐकू आले नव्हते. आनंदाने तो वहीत मांडायला गेला, पेन्सिलीसाठी खण उघडला, आणि तिथे डबीत कापसावर ते यंत्र होतं. तसं यंत्र जगात एकच होतं.

"अगं, यंत्र लावलंयस ना?"

"लावलंय की! तुम्हीच नाही का म्हणालात, लावल्याचं मलासुद्धा कळणार नाही?"

एइसाकुने डबी मिटली. पुन्हा तिच्यामागे येऊन त्याने पंख्याआड नुसतेच ओठ हलवले.

"छत्री," मित्सुए म्हणाली.

मग त्याने ओठ घट्ट मिटले आणि सफरचंद मनात आणलं.

"सफरचंद."

आता भलतं काही मनात आणायचं नाही, असं त्याने स्वतःला बजावलं, आणि मेलं तेच वर आलं.

नऊ वर्षांपूर्वी त्यांची पाच वर्षांची मुलगी कायो घरामागच्या गोठलेल्या तळ्यावर गेली होती, ती परत आलीच नाही. मित्सुए स्वयंपाकघरात मुळा चिरत होती. तिची पेटी दुरुस्तीसाठी एइसाकुच्या मेजावर उघडी पडली होती. हाक आली होती. एकदा नाही, दोनदा. तो भिंगाखाली केसाएवढी तार जोडत होता आणि हात हलला असता तर सकाळपासूनचं काम वाया गेलं असतं, म्हणून तो उठला नाही. नंतर मित्सुएने त्याच्या ओठांवर नजर रोखून विचारलं होतं, "तिने हाक मारली होती का हो?" तो म्हणाला होता, "नाही. मारली असती तर मी गेलो नसतो का?" त्या एका 'नाही'वर ती आजवर त्याच्या घरात राहिली होती. ते खोटं होतं हे कळलं तर ती दुसऱ्या दिवशी थांबणार नाही, याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती.

"बाबा," मित्सुए म्हणाली.

चहा, चप्पल, कात्री, घोकावं तसं तो मनात म्हणत सुटला, चहा, चप्पल, कात्री.

"बाबा, बर्फ तडकतोय," ती म्हणाली. एकेक अक्षर सुटं, स्पष्ट, चाचणीत म्हणायचं तसं. "एवढी तार जोडून होऊ दे."

एइसाकुने पंखा टाकून दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं.

"हिला कळता कामा नये," ती म्हणाली, आणि वळून न बघता, दोन्ही हात मांडीवर नीट ठेवून तिने विचारलं, "बरोबर आले ना सगळे? थांबलात का? पुढचा शब्द?"