दारफळणीची तारीख

आमच्या बाबांचा, रूबेन वाक्रुळकरांचा, शब्द म्हणजे शेगावपासून अमरावतीपर्यंत काळ्या दगडावरची रेघ. बाबा आता नाहीत, पण हे मी आजही छातीठोकपणे सांगते. वऱ्हाडात आमच्या ओळखीची बेने इस्राएलांची, म्हणजे आम्हा मराठी ज्यूंची, घरं सात, आमचं धरून. कुणाकडे सुंता असो की मयत, अकोल्याच्या मालधक्क्यावरची कारकुनी बाजूला ठेवून बाबा पहिल्या गाडीने हजर. सणांच्या तारखाही तेच कळवत. पोस्टकार्डं मी लिहायची, कारण बाबांचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय.

आमचा सगळ्यात मोठा दिवस दारफळणीचा. आदल्या दिवशी सूर्यास्ताला दारं लावायची, पांढरे कपडे घालायचे, पाण्याचा थेंबही नाही, दिवसभर प्रार्थना करून वर्षाच्या पापांची क्षमा मागायची. शेजारच्या पार्बताबाई गल्लीतल्या पोरांना दटावायच्या, "गलबला करू नोका रे, भाऊ देवाशी बोलून राह्यले!"

मुंबईची मावशी दरवर्षी पाठवायची ते आमचं कॅलेंडर १९५८ साली आलंच नाही. बाबांनी पंचांग काढलं. मागच्या वर्षी दारफळणी दसऱ्याला लागून आली होती, म्हणून यंदाही तोच सुमार धरून त्यांनी तारीख कळवली. पण त्या वर्षी पंचांगात अधिक श्रावण होता आणि आमच्या कॅलेंडरात अधिक महिना नव्हता. ऑक्टोबरात सातही घरांनी दारं लावून उपास केला.

दिवाळीच्या तोंडावर मावशीचं पत्र आलं. यंदा दारफळणी लवकर, चोवीस सप्टेंबरलाच झाली, तुमचा उपास कसा गेला?

चोवीस सप्टेंबर म्हणजे माझ्या साखरपुड्याचा दिवस! अमरावतीच्या चेऊलकरांचा बेन्यामिन मला मनापासून आवडला होता. त्या दिवशी सातही घरं आमच्या अंगणात बसून मटण-पुलाव हाणत होती.

"चुलीत घाल ते पत्र," आई म्हणाली. "चेऊलकरीण किती कर्मठ, ठाऊक आहे ना? पोरीचं लग्न मोडेल." मीही तेच म्हटलं, वर रडलेही.

पत्र खिशात घालून बाबा मला म्हणाले, "लोक माझ्या सांगण्यावर उपाशी राहतात, सिपोरा. हे लपवलं, तर पुढच्या वर्षी कोणत्या तोंडानं तारीख सांगू?"

रजा काढून ते स्वतः घरोघर गेले. कुणी हसलं, कुणी धीर दिला. चेऊलकरीणबाईंनी मात्र अंगठी त्यांच्या हातावर ठेवली. भलत्या दिवशी ठरलेली सून आम्हाला नको, म्हणाल्या. बेन्यामिन आईच्या मागे उभा होता म्हणे, तोंडातून ब्र काढला नाही.

बाबांनी मला समोर बसवून सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी खोलीचं दार लावून एकट्याने पुन्हा उपास केला. मी महिनाभर त्यांच्याशी बोलले नाही.

"कावून रुसून बसली वं?" पार्बताबाई म्हणाल्या. "अशा खऱ्या मानसाची पोरगी तू. कोनीबी करून नेईन तुले."

"खरेपणाचं लोणचं घालू का?" मी म्हटलं.

पुढच्या वर्षी कॅलेंडर वेळेवर आलं; दारफळणी सोमवारी, बारा ऑक्टोबरला होती. बाबांनी सहा कार्डं पुढ्यात ठेवली.

"पाचच लागतील," मी फणकारले.

त्यांनी एक पत्र माझ्यापुढे सरकवलं. चेऊलकरीणबाईंचं होतं. 'आमच्याकडे यंदा मुंबईचं छापील कॅलेंडर आलं आहे. तरी तारीख कळवावी. तुमचं कार्ड आल्याशिवाय आम्ही दार लावणार नाही.'

माझं डोकंच फिरलं. मुलगी नको आणि तारीख हवी! वाटलं, लिहावी एक दिवस पुढची, बसू देत भलत्याच दिवशी उपाशी. बाबा पान लावत बसले होते. माझं कार्ड तपासायला त्यांनी कधी मागितलं नव्हतं, तेव्हाही मागितलं नाही.

मी दौतीत टाक बुडवला आणि ठसठशीत अक्षरात लिहिलं: 'सोमवार, बारा ऑक्टोबर. रविवारी सूर्यास्ताला दार लावावे.'