प्रणिताची आखणी

फळ्या अकरा, अकराही रिकाम्या. प्लास्टरची पोती सहा. रंगाचे डबे नऊ, त्यांतले तीन सुकलेले. गणपतीचा साचा मात्र एकही नाही. चुलतभाऊ जित्याच्या हळदीहून परतलेली प्रणिता हमरापूरच्या आपल्या शेडमध्ये पुन्हा पुन्हा मोजत राहिली.

मोजणीत चूक नव्हती. थोरल्या भावानं, साईराजनं, वडिलांच्या, बाबाजींच्या, नावावर रोह्याच्या एका शेठकडून कर्ज काढून डंपर घेतला होता. डंपर गेला, कर्ज उरलं. मग घर रिकामं बघून त्यानं बाबाजींनी आयुष्यभर घडवलेले साचे त्याच शेठच्या टेम्पोत भरले आणि स्वतःही त्याच्याकडेच कामाला लागला.

"यंदा आपला कारखाना नाय," बाबाजी म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून पडले.

श्रावणात साईराज दारात आला. शेठच्या मूर्ती रंगून तयार होत्या. राहिली होती डोळ्यांची आखणी.

"दोन पोरं लावून बघितली," तो कसंनुसं हसला. "एक गणपती झोपलाय, दुसरा दचकलाय. गिऱ्हाईक म्हणतं, बाबाजींच्या घरचेच डोळे हवेत. बाबांचा हात थरथरतो. आता तूच हायस."

"डोळे साच्यातून निघत नायत, हे शेठला ठाऊक नव्हतं?"

"सिमेंट विकणारा माणूस तो. त्याला वाटलं, निघतात."

"आणि तुला, दादा?"

साईराजनं रिकाम्या फळ्यांकडं पाठ फिरवली.

"मी रोह्याला येणार नाय," प्रणिता म्हणाली. "मूर्ती इथं आणा. आमच्या साच्यांवर त्यानं अख्खा हंगाम काढला, कर्ज वसूल झालं. तसा कागद लिहून द्यायचा. आधी साचे उतरायचे, मग मूर्ती. आणि साचे तू उतरवायचेस, सगळ्या आळीदेखत."

"शेठ थांबेल काय गो?"

"चतुर्थी थांबेल काय त्याच्यासाठी?"

दोन दिवसांनी टेम्पो आळीत शिरला. साईराज मान खाली घालून एकेक साचा उतरवू लागला.

"हळू रं," शेजारच्या गिरजाबाई ओट्यावरून ओरडल्या, "तुझ्यासारखा घसरायचा एखादा!"

आळी खदखदून हसली. बाबाजी उठून बाहेर आले. प्रत्येक साच्याच्या कडेवरून बोट फिरवून तो फळीवर ठेवू लागले. कागद वाचून प्रणितानं तो वडिलांच्या खिशात घातला, पहिली मूर्ती पुढ्यात ओढली आणि श्वास रोखून भुवईखाली रेघ सोडली. 

पाचव्या दिवशी शेवटची मूर्ती टेम्पोत चढली. तीनशे बारा मूर्ती, सहाशे चोवीस डोळे. पुसावा लागलेला एकही नाही.