तयार पान

नव्या मुलीने बटण दाबलं आणि संगणकावर रुग्णाचं पान पापणी लवायच्या आत उघडलं. टाळ्या पडल्या. ताईंनीही वाजवल्या, हात एकमेकांना जेमतेम लागले.

रुग्णालयाची ही प्रणाली ताईंच्या हातची. रुग्णाचं पान उघडायचं तर माहिती ठिकठिकाणहून गोळा करून, जुळवून मांडावी लागे, डॉक्टर ताटकळत. "याहून जलद होणे नाही," ताई ठणकावून सांगायच्या. काल आलेल्या या पोरीने सगळं आधीच जुळवून तयार पानच डेटाबेसमध्ये ठेवलं होतं. नोंद बदलली की पान नव्याने बांधायचं, बस्स.

"इतकी वर्षं हे कुणालाच कसं सुचलं नाही?" साहेब कौतुकाने म्हणाले.

ताई चष्मा पुसू लागल्या.

नव्या कोडची तपासणी ताईंकडेच आली. कोड वाचता वाचता त्या थबकल्या. ॲलर्जीची नोंद करायचा संगणकातला जुना पडदा त्यांनीच लिहिलेला, आणि तो डेटाबेसमध्ये परस्पर लिहितो. तिथून काही बदललं तर तयार पानाला पत्ताही लागणार नाही. डॉक्टर जुनंच वाचतील आणि नको ते औषध देतील.

ताईंची पाठ कितीतरी दिवसांनी खुर्चीला टेकली.

साहेब दारातून डोकावले. मागे ती मुलगी.

"ताई, आता नवं पान सुरू करतोय. काही अडचण?"

"नाही."

शब्द तोंडातून निसटला. साहेब गेलेही.

ताई पाणी प्यायल्या. शेवटी त्यांनी चाचणीचा रुग्ण उघडला, जुन्या पडद्यावरून त्याला पेनिसिलीनची ॲलर्जी लावली आणि डॉक्टरांचं पान उघडलं.

पेनिसिलीन तिथे होतं. लाल अक्षरात.

ताई मुलीच्या टेबलाशी गेल्या.

"जुना पडदा..."

"हो ताई, तो परस्पर लिहायचा. तुमच्याकडे कोड दिल्यावर लक्षात आलं, लगेच दुरुस्त केला." तिने आवाज खाली आणला. "साहेबांसमोर बोलले नाही. उगाच तुमचं नाव निघालं असतं."



"तरी धाकधूक होतीच," मुलगी म्हणाली. "पण तुम्ही 'नाही' म्हणालात आणि जिवात जीव आला. तुमच्या नजरेतून काही सुटत नाही."

ताईंनी टेबलाची कड धरली.

"उद्यापासून माझं काम तू तपासत जा."

मुलगी लाजून हसली. तिला ते कौतुक वाटलं.